खालचा नळ

एक टाकी वरच्या नळाने सहा तासांत भरते आणि खालच्या नळाने आठ तासांत रिकामी होते. दोन्ही नळ एकदम उघडे ठेवले, तर टाकी किती तासांत भरेल?

नवीन पनवेलमध्ये ज्यांनी ज्यांनी दमयंती खरे बाईंच्या हॉलमधल्या निळ्या सतरंजीवर बसून गणित गिरवलं, त्यांना हे झोपेतून उठवून विचारलं तरी उत्तर येतं: चोवीस तास. आणि त्यातल्या प्रत्येकाने कधी ना कधी बाईंना उलट विचारलेलंच असतं, की बाई, टाकी भरायची आहे तर खालचा नळ उघडा ठेवतं कोण?

बाईंचं उत्तर ठरलेलं. "गणितात असलं विचारायचं नसतं. कुणीतरी मूर्ख असेल. तू उत्तर काढ."

बाईंनी जुन्या पनवेलच्या शाळेत उभा जन्म गणित शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावर घरी शिकवण्या सुरू केल्या. लग्न केलं नाही. का केलं नाही, असं विचारणाऱ्या बायकांना त्या म्हणायच्या, "दोघं मिळून एक काम दहा दिवसांत करतात, एकटी पाच दिवसांत करते. मग दुसरा कशाला?" बायका हिशेब करत बसायच्या तोवर बाई जिना चढून गेलेल्या असायच्या.

वाहती गोष्ट दिसली की बाईंना ती मोजल्याशिवाय चैन पडत नसे. दूधवाला पिशवी कापून पातेल्यात ओतू लागला तरी यांचे ओठ हलत. पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होत्या, तेव्हा भूल उतरते न उतरते तोच सलाइनच्या नळीतले थेंब मोजू लागल्या. मिनिटाला चाळीस थेंब, वीस थेंबांचा एक मिली, बाटली पाचशेची. नर्सला म्हणाल्या, "बारा वाजता लावलीस ना? चार वाजून दहा मिनिटांनी काढायला ये, मधे हेलपाटा घालू नकोस." नर्स चार वाजता आली आणि दहा मिनिटं बाटलीकडे बघत उभी राहिली. त्या दहा मिनिटांत बाईंनी तिला अपूर्णांक शिकवले, असं म्हणतात. मी तिथे नव्हतो, पण बाईंना ओळखणारा कुणीही यावर पैज लावील.

त्या राहायच्या त्या इमारतीचं नाव गंगासागर. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, तसा प्रकार. गंगासागरात उन्हाळ्यात पाणी एक दिवसाआड यायचं. आलेलं पाणी आधी जमिनीखालच्या टाकीत पडायचं, तिथून पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढायचं आणि मग वीस घरांत उतरायचं. पंप चालवायचा काशिराम वॉचमन. गच्चीवरच्या टाकीत किती पाणी आहे, हे तो बांबू बुडवून बोटांनी मोजायचा. "आज बारा बोटं हाय," असं तो खाली येऊन सांगायचा. बाईंनी एका रविवारी टाकीची लांबी-रुंदी मोजून ठरवून टाकलं, की या टाकीत एक बोट म्हणजे शंभर लिटर. मात्र बोट बाईंचं. काशिरामचं बोट जाड होतं, ते सव्वाशे लिटरचं भरायचं.

सोसायटीचे सेक्रेटरी उदयसिंह मोहिते. पनवेलच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांची नोकरी झाली होती. गाड्यांच्या घोषणा करून करून त्यांचा आवाज असा तयार झाला होता, की बायकोकडे चहा मागितला तरी तळमजल्यावर कळायचं. माणूस वाईट नव्हता. फक्त जगात जे काही चालतं ते आपल्या परवानगीने सुटावं, अशी त्यांची समजूत होती.

बाईंच्या समोरच्या फ्लॅटमध्ये सुनंदा भाड्याने राहायला आली, ती २०१७ च्या दिवाळीनंतर. खाडीकाठच्या एका आगरी गावातली. विमानतळासाठी आसपासची गावं उठली, त्यांत तिचंही उठलं. एका रांगेतली घरं चार दिशांना पांगली. कुणी कळंबोलीला, कुणी करंजाड्याला, कुणी पार उरणच्या बाजूला पाहुण्यांकडे. नवं घर बांधून होईपर्यंत सुनंदा आणि तिची मुलगी कोमल गंगासागरात आल्या. कोमलला इथलीच नोकरी लागलेली, आणि योगायोग असा, की दहावीत असताना हीच कोमल रोज गावातून दोन वाहनं बदलून बाईंच्या शिकवणीला यायची. खालच्या नळाचा प्रश्न सगळेच विचारत, पण कोमलने तो सात वेळा विचारला होता. सातव्या वेळी बाईंनी तिला दाराबाहेर उभं केलं, आणि पाच मिनिटांनी स्वतःच जाऊन आत घेतलं, कारण ती बाहेर उभी राहून मोठमोठ्याने हसत होती.

तर या कोमलचं लग्न ठरलं. मुलगा आपट्याचा. बाई म्हणाल्या, "चांगलं झालं, पाताळगंगेच्या काठी चाललीस. पाण्याची ददात नाही." लग्न आपट्यालाच होतं, पण हळद मुलीच्या दारात लागायची. आगऱ्यांच्या हळदीचं महत्त्व ज्याला माहीत नाही, त्याने पनवेलमध्ये राहून फुकट घालवलं. लग्नाला एखादा चुकेल, हळदीला चुकणार नाही.

पण दार होतं कुठे? अंगण गेलं, गावची विहीर गेली, देवळासमोरची मोकळी जागाही गेली. मे महिन्यात सगळे हॉल भरलेले. सुनंदा सोसायटीच्या मीटिंगला आली आणि हात जोडून म्हणाली, "मना हॉल नको. माझ्या पोरीची हलद दारान लागली पायजे. गाव उठल्यापासून आमची मानसं एका जागी बसून जेवली नाय. एक रात कंपाउंड द्या."

कंपाउंड द्यायला कुणाची ना नव्हती. मोहितेसाहेब उठले. "कंपाउंड देऊ हो. पाणी कुठून देऊ? मागल्या मे महिन्यात पहिल्या मजल्यावरच्यांची सत्यनारायणाची पूजा झाली, आणि संध्याकाळी मी स्वतः अंगाला साबण लावून नळाखाली उभा होतो. नळ कोरडा! तासभर उभा होतो! हळद रद्द, म्हणजे, हळदीला आमचा आशीर्वाद आहे, पण इथे नाही."

सुनंदाचा चेहरा उतरला. ती पदर सावरून खाली बघत राहिली. बाईंना ते बघवलं नाही.

"थांबा," बाई म्हणाल्या. "पाणी पुरेल की नाही हे ओरडून ठरत नाही, मोहितेसाहेब. मोजून ठरतं. सुनंदा, माणसं किती?"

"ऐंशी घरा हायेत, बाई. चूलबंद हाय."

बाईंनी मान डोलावली. चूल बंद म्हणजे स्वैपाक इथे करणार नाहीत, बाहेरून मागवणार, अशी त्यांनी आपल्या मनाशी समजूत करून घेतली. घरटी दोन माणसं धरली, एकशे साठ. स्वैपाक नाही, म्हणून माणशी पंधरा लिटर पुष्कळ. चोवीसशे लिटर.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाणी आलं, तेव्हा बाई पदर खोचून खालच्या टाकीशी हजर. येणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी त्यांनी वीस लिटरची बादली धरायला लावली आणि घड्याळ बघितलं. दहा सेकंदांत बादली भरली. सेकंदाला दोन लिटर. तासाला सात हजार दोनशे. पाणी चार तास राहतं, म्हणजे एका खेपेला अठ्ठावीस हजार आठशे. वीस घरांना दोन दिवसांना लागतं चोवीस हजार. शिल्लक चार हजार आठशे. त्यातले चोवीसशे हळदीला गेले तरी तेवढेच पुन्हा शिल्लक. बाईंनी हे सगळं मोहितेसाहेबांना जिन्यातच तोंडी सांगितलं.

मोहितेसाहेबांना आकडे पटले, पण साबण विसरता येईना. "आणि नळ कोरडा पडला तर?"

"हळदीच्या दिवशी गंगासागरातल्या एका जरी घरचा नळ कोरडा पडला," बाई म्हणाल्या, "तर मी नळ आणि टाकी शिकवणं सोडून देईन. शिकवण्याच बंद करीन."

हे त्या रागाच्या भरात बोलल्या. पण बोलल्या त्या मोहितेसाहेबांसमोर, म्हणजे ते सगळ्या इमारतीला कळलं. हळदीची तारीख पाण्याच्या दिवसाची धरली, मंडपवाला ठरला, कोमलने बाईंना मिठी मारली. आणि बाई रात्री अंथरुणावर पडल्या तेव्हा त्यांना पहिल्यांदा वाटलं, की शिकवण्या बंद झाल्या तर आपण सकाळी उठून करायचं काय? त्या निळ्या सतरंजीवर चपलांचे वास आणि पोरांचे आवाज नसतील तर हे घर आहे तरी कशासाठी? मग त्यांनी शिल्लक चोवीसशे लिटर आठवले आणि शांत झोपल्या.

हळदीला चार दिवस उरले असताना बाई भाजी घेऊन जिना चढत होत्या. सुनंदा दारात उभी राहून फोनवर कुणाशी तरी बोलत होती. "चूलबंद हाय, वयनी! घरान कोनी रेवाचा नाय. म्हातारीला पन घेऊन या, पोरांना पन आना!"

बाई पायरीवरच थांबल्या. "सुनंदा, चूलबंद म्हणजे स्वैपाक बाहेरून, असंच ना?"

सुनंदा हसायलाच लागली. "नाय ओ बाई! चूलबंद आवतन म्हंजे त्या दिवशी त्यांच्या घरान चूल पेटाची नाय. ल्हान-थोर, म्हातारी-कोतारी, सगली आपल्याकडं जेवाला. आनि सयपाक बाहेरून कशाला? आमचा भाऊ मोठाली टोपं घेऊन येनार हाय. मटण हितंच शिजंल!"

बाईंच्या हातातली भेंड्यांची पिशवी खाली पडली. जन्म पनवेलात काढला, पण आजवर त्यांना हळदीची आमंत्रणं आली ती कागदावर छापलेली, त्यांत चूल कुठे नव्हती. बंद झालेली चूल ही त्यांनी सुनंदाची धरली होती. ती निघाली ऐंशी घरांची! घरटी पाच माणसं, चारशे. वर स्वैपाकाचं पाणी. पत्रावळी वापरल्या, ग्लास कागदाचे घेतले, काटकसरीची हद्द केली तरी माणशी सोळा लिटर. सहा हजार चारशे. आणि शिल्लक किती? चार हजार आठशे. तूट सोळाशे लिटर.

टँकरची चौकशी केली. लग्नसराईतल्या मे महिन्यात मुलगा मिळेल, टँकर मिळायचा नाही.

दुसरी कुणी असती तर गप्प बसून देवाला नारळ बोलली असती. बाई सरळ मोहितेसाहेबांचं दार वाजवून म्हणाल्या, "माझं चुकलं. गणित बरोबर होतं, शब्द चुकला. सोळाशे लिटर कमी पडतात."

"मग हळद रद्द!" साहेबांचा आवाज खाली मंडपाच्या बांबूपर्यंत गेला. बाईंच्या मागे सुनंदा येऊन उभी होती. तिने रद्द हा शब्द ऐकला, आणि यावेळी मात्र ती खाली बघत राहिली नाही.

"सायेब, येक इचारू? आमच्या गावची इहीर मे मयन्यान आटाची. तवा काय लग्ना व्हत नव्हती? ज्याच्या घरान लगीन, त्याच्या दारान पिपा ठेवाचे. जेवाला येनारा घरटी येक हंडा पानी घेऊन याचा. मी आज सगल्यांना फोन करते."

बाईंचे ओठ हलू लागले. "हंडा किती लिटरचा?"

"हंडा हंड्याएवडा," सुनंदा म्हणाली.

हे उत्तर बाईंना चालणार नव्हतं. त्यांनी सुनंदाच्या घरातले, तिच्या बहिणीकडचे आणि मंडपवाल्याकडचे, मिळतील तेवढे हंडे गोळा करून दूध मोजायच्या लिटरच्या मापाने भरून बघितले. कुठला अठरा निघाला, कुठला बावीस. सरासरी वीस. वीस गुणिले ऐंशी. "सोळाशे!" बाई जिन्यात ओरडल्या. "मोहितेसाहेब, बरोब्बर सोळाशे! ना एक थेंब जास्त, ना एक थेंब कमी!"

"एक थेंबही जास्त नाही, हेच मला आवडत नाही," साहेब म्हणाले. पण सुनंदाकडे बघून त्यांनी पुढचं बोलणं गिळलं. "ठीक आहे. तुमचा शब्द लक्षात आहे ना बाई?"

"आहे," बाई म्हणाल्या. त्या रात्री त्यांना झोप जरा उशिरा लागली.

हळदीचा दिवस उजाडला. पाणी वेळेवर आलं, पंप सुरू झाला. बाई काशिरामबरोबर गच्चीवर. वरच्या टाकीतून घरांकडे जाणारा व्हॉल्व्ह त्यांनी थोडा वेळ बंद करायला लावला आणि पंप मिनिटाला किती पाणी चढवतो ते बांबू बुडवून मोजलं. मोजताना टाकीच्या काठाचं शेवाळ हाताला लागलं. "मी हात धुऊन येते, तोवर व्हॉल्व्ह बंदच ठेव," असं काशिरामला सांगून त्या खाली घरात गेल्या. एवढ्यात जिन्यातून सुनंदाची हाक आली, "बाई, बाई, मंडपवाला इचारतो पिपा कुठं ठेवू?" बाई तशाच पदराला हात पुसत, दाराला कुलूप घालून खाली धावल्या. जाता जाता वर तोंड करून काशिरामला ओरडून सांगितलं, "उघड रे व्हॉल्व्ह, जुना आहे, अडकून बसेल!"

मग मोहितेसाहेबांनी कंपाउंडच्या मधोमध उभं राहून घोषणा केली. स्टँडवर करायचे तशीच. "गंगासागरमधील सर्व रहिवाशांनी कृपया लक्ष द्यावे! आता सव्वा तास कुणीही आपल्या घरचा नळ उघडू नये! वरची टाकी काठोकाठ भरायची आहे! ऐसा मौका बारबार नहीं आता!" शेवटचं वाक्य का, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. आनंदात होते, एवढंच. कारण काहीही असो, जुनी नोकरी परत मिळाल्यासारखं झालं होतं.

लोकांनी ऐकलं. वीस घरांत कुणी चूळसुद्धा भरली नाही.

सव्वा तासाने बाई आणि काशिराम पुन्हा गच्चीवर गेले. बांबू बुडवला. बाईंनी आपल्या बोटांनी मोजलं. पुन्हा मोजलं. टाकी साडेसात बोटं कमी होती.

"पंप थकला आसंल," काशिराम म्हणाला.

"पंप थकत नसतो. साडेसात बोटं म्हणजे साडेसातशे लिटर. सव्वा तास म्हणजे पंचाहत्तर मिनिटं. मिनिटाला दहा लिटर." बाईंचा आवाज चढत गेला. "काशिराम, मिनिटाला दहा लिटर म्हणजे गळती नव्हे. एक नळ! न्हाणीघरातला, पूर्ण सोडलेला एक नळ या इमारतीत चालू आहे!"

काशिरामला व्हॉल्व्ह पुन्हा बंद करायला लावून त्या खाली आल्या त्या संतापून लाल होऊन. "मोहितेसाहेब, कुणीतरी नळ उघडा ठेवलाय! साडेसातशे लिटर वाहून गेले! सगळ्यांनी कबूल केलं होतं ना? ज्याचा कुणाचा असेल त्याला लाज वाटली पाहिजे. टाकी भरायला लावली असताना खालचा नळ उघडा! असा मूर्ख माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही!"

साहेबांना आणखी काय हवं होतं? त्यांनी तपासाची मोहीम हाती घेतली. तळमजल्यापासून एकेक दार. बेल वाजवायची, आत जाऊन न्हाणीघरात डोकावायचं, नळाला हात लावून बघायचं, पुढे चालायचं. मागून बाई, बाईंच्या मागे सुनंदा, तिच्या मागे काशिराम, आणि प्रत्येक मजल्यावर दोन-चार माणसं वाढत गेलेली. पहिल्या मजल्यावर सगळे नळ बंद. दुसऱ्यावर एका आजींनी नळाला फडकंच बांधून ठेवलं होतं. तिसऱ्यावर साहेबांचं स्वतःचं घर, तिथे वहिनी दार अडवून उभ्या. "माझ्यावर संशय?" साहेब म्हणाले, "नियम म्हणजे नियम," आणि आत जाऊन बघून आले. नळ बंद होता. त्याची किंमत त्यांनी पुढे आठवडाभर मोजली असणार.

चौथ्या मजल्यावर सगळी दारं उघडी, सगळे नळ बंद. राहिलं एकच दार, कुलपाचं. वरात तिथे थांबली. काशिरामने गच्चीवर जाऊन क्षणभर व्हॉल्व्ह उघडला. आणि आतून स्पष्ट आवाज ऐकू आला. बादली भरून वाहत होती.

बाईंनी कनवटीची किल्ली काढली. सकाळचा सगळा प्रकार त्यांना एकदम आठवला. शेवाळाचे हात धुवायला त्यांनी नळ सोडला होता. पाणी आलं नव्हतं. येणार कसं? वरचा व्हॉल्व्ह त्यांनीच बंद करायला लावला होता. आणि कोरडा नळ तसाच सोडून, सुनंदाच्या हाकेसरशी त्या बाहेर पडल्या होत्या.

दार उघडलं. आत जाऊन त्यांनी नळ बंद केला. बाहेर येऊन सगळ्यांसमोर उभ्या राहिल्या.

सुनंदाने तोंडाला पदर लावला. "बाई," ती म्हणाली, "काखेत कलसा नि गावाला वलसा!"

चौथा मजला हसून हसून खाली बसला. काशिराम भिंतीला टेकला. मोहितेसाहेब हसले नाहीत. खाकरले, आणि त्यांच्या परीने हळू आवाजात म्हणाले, "होतं असं कधी कधी. मीसुद्धा एकदा पुण्याची गाडी अलिबागच्या फलाटावर लावली होती." मग पुन्हा नेहमीच्या आवाजात, "पण बाई, साडेसातशे लिटरचं काय?"

ते बाईंनाही विचारायचं होतं, पण विचारणार कुणाला? एक थेंब जास्त नसलेल्या हिशेबातून साडेसातशे लिटर गेले होते. संध्याकाळी चारशे माणसं जेवणार, आणि त्यानंतर कुठल्या तरी घरी कुणीतरी अंगाला साबण लावून नळ सोडणार. दुपारभर बाई खुर्चीत बसून राहिल्या. सतरंजी गुंडाळून कोपऱ्यात उभी होती. तिच्याकडे बघवेना. गणित शिकवायला तोंड उरलं नाही असं त्यांना वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्या थोड्या रडल्याही.

ऊन उतरल्यावर पहिला टेम्पो आला, कळंबोलीहून. पाठोपाठ सहा आसनी रिक्षा, आणखी एक टेम्पो, मग गाड्याच गाड्या. बायका खाली उतरू लागल्या. हिरव्या-पिवळ्या साड्या, डोक्यात अबोलीचे गजरे, आणि गेल्या दिवाळीपासून एकमेकींना न भेटलेल्या, त्यामुळे रस्त्यातच गळ्यात गळे. "कवा आयली गो?" "म्हातारी कशी हाय?" पोरं मंडपात पळाली. पुरुष टोपं उतरवू लागले. बाई गॅलरीतून बघत होत्या. बायकांनी टेम्पोतून हंडे उतरवून एकमेकींच्या डोक्यावर चढवले, तोंडाला फडकी बांधलेले. बाई सवयीने मोजू लागल्या, आणि मोजता मोजता खुर्ची मागे सारून उभ्या राहिल्या. प्रत्येक हंड्यावर एक कळशी होती.

त्या जिने उतरून धावत खाली गेल्या. "सुनंदा! हंडा म्हणाली होतीस. मी हंडाच धरला होता. ह्या कळश्या कुठून आल्या?"

सुनंदा त्यांच्याकडे बघतच राहिली. "अवो बाई, हंड्यावर कलशी नाय ठेवली तर तो हंडा कसला? बाईमानूस नुसता हंडा घेऊन निंगल काय? हंडा बोलल्यावर कलशी आलीच!"

बाईंनी जवळच्या बाईच्या डोक्यावरची कळशी उतरवून घेतली, लिटरचं माप मागवलं आणि तिथेच, मंडपाच्या दाराशी, उकिडव्या बसून मोजली. दहा लिटर. दहा गुणिले ऐंशी. गेले साडेसातशे, आले आठशे.

"पन्नास लिटर शिल्लक!" बाई एवढ्या मोठ्याने ओरडल्या, की मोहितेसाहेबांना आपल्याला कुणीतरी तोडीस तोड भेटल्याची जाणीव झाली. साहेबांनी लगेच तिसऱ्या मजल्यावर जाऊन घरचा नळ सोडला. पाणी आलं. रात्री पंगती उठल्यावर पुन्हा सोडला, तेव्हाही आलं. त्यानंतर ते खाली येऊन बँजोवर असे नाचले, की वहिनींनी दुपारचं सगळं माफ केलं असावं.

पिपं भरत होती, टोपांखाली जाळ लागला होता, धवलारीण बायका लग्नाची गाणी म्हणत होत्या. कोमल पाटावर बसली होती, हाता-पायांना, गालांना हळद. बायका एकेक पुढे होऊन हळद लावत होत्या. गावाच्या रांगेत जी घरं शेजारी शेजारी होती, ती त्याच क्रमाने मंडपात बसली आहेत, असं सुनंदाने बाईंना हळूच दाखवलं आणि डोळे पुसले. मग तिने बाईंना पुढे ढकललं.

बाईंनी हळद घेतली, कोमलच्या कपाळाला लावली. कोमलला सकाळचं सगळं कळलेलं होतं. अशा गोष्टी कळायच्या राहतात थोड्याच! तिने मान पुढे केली आणि दहावीतलाच चेहरा करून, आठव्या वेळी, विचारलं, "बाई, टाकी भरायची आहे तर खालचा नळ उघडा ठेवतं कोण?"

बाईंनी तिच्या दोन्ही गालांना हळद फासली. हसू आणि रडू दोन्ही एकदम आलं, आणि त्यांनी दोन्हींना येऊ दिलं.

"मी गं, मी," त्या म्हणाल्या. मग मान वळवून त्यांनी भरलेल्या मंडपाकडे बघितलं. "पण टाकी भरली ना?"